दत्तारामकाकांनी न बोललेलं वाक्य

सर,

तुमच्या निधनाची प्रेसनोट मीच लिहिली. दुसरं कोण लिहिणार? सकाळी काकूंचा फोन आला, तासाभरात मी तुमच्या घरी पोचले, आणि पाठोपाठ पेपरवाल्यांचे फोन सुरू झाले. "मॅडम, चार ओळी पाठवा ना. आणि सरांचा एखादा बरा फोटो." तुम्ही आत माजघरात होतात, बाहेर माणसं चपला काढत होती, आणि मी पडवीत बसून मोबाईलवर तुमच्याबद्दल चार ओळी टाईप करत होते. 'जनसंपर्क क्षेत्रातील ज्येष्ठ सल्लागार व अध्यापक' अशी सुरुवात केली. शेवटी 'पोकळी निर्माण झाली आहे' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. तुम्ही वर्गात काय म्हणायचात ते आठवलं, "पोकळी कुठे पडलीय दाखव, सुताराला बोलावतो." त्या गर्दीत मला हसू आलं हो. कुणीतरी माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं.

खोडलं त्या जागी लिहिलं, 'सरांनी आयुष्यभर सचोटीने काम केले.' दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं. वाक्य खरं आहे. पण खाडीकाठच्या एका वाडीत ते वाचून कुणीतरी पेपर बाजूला भिरकावला असणार, हेही खरं आहे. आणि ते तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सात वर्षांत आपण दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले. आता बोलते. भारीच वेळेवर सुचलं ना मला?

मी अलोऱ्याच्या कॉलनीतली मुलगी. वडील तिथल्या वीजप्रकल्पाच्या ऑफिसात कारकून. बी.ए. झाले, पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून रत्नागिरीत तुमच्या जनसंपर्काच्या पदविकेला नाव घातलं. जनसंपर्क म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं आणि घरच्यांनाही. तुम्हीच तर सांगितलं होतंत, तुमच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मुलगा टेलिफोन खात्यात आहे. गावात कुणाचा फोन बंद पडला की तुमच्याकडे पाठवायची म्हणे. आणि तुम्ही मुंबईत मोठमोठ्या साहेबांची भाषणं लिहून देत होतात! पंचवीस वर्षं ते केलंत, मग एक दिवस सगळं आवरून इकडे आलात, एसटी स्टँडामागे दोन खोल्यांचं ऑफिस थाटलंत आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायला लागलात.

पहिल्याच दिवशी तुम्ही पुस्तक उघडलं नाहीत. म्हणालात, "उद्या येताना प्रत्येकानं एक वाक्य आणायचं. कुणीतरी खरोखर बोललेलं, जसंच्या तसं. कोण बोललं, कुठे बोललं, ते खाली लिहायचं." मग रोजचा तो रिवाजच झाला. मासळी बाजार, रिक्षा स्टँड, सरकारी दवाखान्याची रांग, आम्ही वाक्यं वेचत फिरायचो. तुम्ही वाचायचात आणि काही वाक्यांवर फुली मारायचात. "हे बोललेलं नाही, हे लिहिलेलं आहे. माणूस असं बोलत नाही." एकदाही चुकत नव्हतात. पोरं चाट पडायची.

एकदा चुकलात. माझ्या बाबतीत. चिपळूणच्या गाडीतल्या कंडक्टरचं म्हणून मी एक वाक्य आणलं होतं, तुम्ही ते वर्गाला दोनदा वाचून दाखवलंत. "बघा, ही भाषा." वर्ग सुटल्यावर मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "सर, ते मी खोलीवर बसून लिहिलंय." तुम्ही आधी खो खो हसलात. मग चष्मा काढून पुसत बसलात. "अगो, तुझ्या हाताला चव आहे. पण जपून राहा. तुझं खोटं खऱ्यासारखं वाजतं." मी ते कौतुक समजले. घरी फोन करून आईला सांगितलं, सर म्हणाले माझ्या हाताला चव आहे. पुढचं सांगितलंच नाही.

पदविका झाल्यावर तुम्ही मला ऑफिसात घेतलंत. काय दिवस होते ते! आंबा बागायतदारांचा संघ, पतपेढ्या, एक-दोन शाळा, मधूनच एखादी कंपनी. कुणाची बदनामी झालेली, कुणाला नाव करायचंय. लोकांना वाटायचं, आपण पेपरात चांगलं छापून आणणारी माणसं. तुम्ही उलटंच करायचात. तो कॅनिंगवाला आला होता आठवतं? त्याच्या मालाबद्दल ओरड झाली होती, आणि त्याला झकास लेख लिहून हवा होता. तुम्ही त्याला म्हणालात, "लेख नंतर. आधी ज्या चार दुकानदारांनी माल परत केला त्यांच्याकडे स्वतः जा, माफी माग, आणि ते काय बोलतात ते मला येऊन सांग." तो फणफणत गेला. आठ दिवसांनी आला तो पेढे घेऊन.

आपली भांडणंही तेव्हापासूनची. माझा नेहमीचा मुद्दा, की आपण साहेबांच्या नावानं वाक्यं लिहितोच की! 'या प्रसंगी बोलताना ते म्हणाले', असं आपण आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. ते चालतं, मग इतरांचं का नाही चालत? तुम्ही म्हणायचात, "साहेब वाचतो आणि सही करतो. नाही पटलं तर खोडतो. ज्याला खोडायची सोय नाही, त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही." मी म्हणायचे, तपशिलाचा फरक आहे, तत्त्वाचा नाही. तुम्ही चिडायचात. एकदा मात्र चिडला नाहीत. हळूच म्हणालात, "आमच्या बौद्धवाडीच्या वतीनं पिढ्यान्‌पिढ्या गावातले दुसरेच बोलत आले गो. 'त्यांची काही तक्रार नाही.' झालं. आमच्या आज्याला कुणी विचारलंच नाही. माझे वडील मुंबईला पोस्टात लागले, तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा अर्ज स्वतः लिहिलान त्यांनी. म्हणून मला या गोष्टीची चीड आहे. तत्त्व वगैरे तुझं तू बघ." मी गप्प बसले. पण पटलं म्हणून नाही. आता यावर काय बोलणार, म्हणून.

आणि मग ते जेटीचं काम आलं.

कंपनी बाहेरची होती. खाडीच्या तोंडाशी छोटी जेटी बांधायची म्हणत होती. तुम्ही एकाच अटीवर काम घेतलंत, आधी वाडीतल्या मच्छीमारांशी समोरासमोर बोलायचं, पेपरात जायचं ते नंतर. दत्तारामकाका त्यांच्या सोसायटीचे चेअरमन. तुमच्या बोलावण्यावर ते आले, वाडीतली तीस-चाळीस माणसं घेऊन आले, कारण तुमच्यावर त्यांचा विश्वास होता. शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. काका शेवटी उभे राहिले आणि म्हणाले, "आमी हो पण नाय बोलत आणि नाय पण नाय बोलत. आमच्या जाळ्यांचं काय ते आधी सांगा. उद्या पहाटे बोट जायची हाय, परत आलो की बसू." मी ते वहीत लिहून घेतलं. जसंच्या तसं. तुमचीच शिकवण.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही कॉलेजात परीक्षा घेत होतात, फोन बंद. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला, प्रेसनोट आजच हवी, पाचच्या आत. मी बैठकीचा वृत्तांत वाचून दाखवला. तिकडचा माणूस म्हणाला, "हे कसलं? कोमट आहे सगळं. एखाद्या स्थानिकाचं चांगलं वाक्य टाका ना." मी काकांना फोन लावला. लागला नाही, ते समुद्रात होते. तुमची वाट बघता आली असती. वृत्तांत तसाच पाठवून देता आला असता. 'नाही' म्हणता आलं असतं. मी काय केलं? खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं, "खाडीनं आजवर आम्हाला पोसलंन, आता जेटी पोरांना पोसू दे. मुंबईची वाट धरण्यापेक्षा ते बरं." असे मच्छीमारांचे प्रतिनिधी दत्ताराम यांनी सांगितले.

मला ते वाक्य आवडलं, सर. हेच सांगायची लाज वाटते. दबाव होता, घाई होती, हे सगळं मी नंतर स्वतःला हजारदा सांगितलं. पण त्या क्षणी मी खूश होते. दोनदा वाचलं आणि तुमच्या नावाखाली, तुमच्या मेलवरून, पाठवून दिलं.

पेपरवाल्यांनी तोच मथळा केला. सकाळी तुम्ही ऑफिसात आलात, पेपर टेबलावर ठेवलात आणि विचारलंत, "हे कधी बोलले दत्ताराम?" मी म्हटलं, "काल फोनवर, सर." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. त्यांची बोट पहाटेच गेली होती आणि तिथे रेंज नसते, हे तुम्हाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, की ते तुम्हाला ठाऊक आहे. "बरं," म्हणालात आणि आत गेलात. वाक्याचं एक वेळ सोडा. ते 'फोनवर, सर' माझ्या घशातून अजून खाली उतरत नाही.

दोन दिवसांनी काका आले. अंगावर बोटीवरचेच कपडे, हातात घडी घातलेला पेपर. मी कॉम्प्युटरमागे बसलेली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "जाधवसाहेब, हे कोणी लिवलं?" आता सर माझ्याकडे बघतील, आता बोट दाखवतील. तुम्ही मान वळवली नाहीत. म्हणालात, "माझ्या ऑफिसातून गेलंय. मी लिहिलं. चुकलं माझं." काका म्हणाले, "मी तुमच्या शब्दावर माणसं आणली होती." आणि गेले. पेपर टेबलावरच राहिला.

मी तेव्हा उठायला हवं होतं. चार पावलांवर दार होतं. काका जिना उतरत होते, त्यांच्या चपला वाजत होत्या. मी उठले नाही. तुम्ही थोड्या वेळानं म्हणालात, "डबा आणलायस ना? जेवून घे." मी जेवले, सर. भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. चवही आठवते.

खुलासा छापून आला, आतल्या पानावर दोन ओळी. तो कोण वाचतो? वाडीत एव्हाना ठरून गेलं होतं की दत्ताराम विकला गेला. सोसायटीतून काढलं. शिमग्याला पालखी आली, पण खांदा द्यायला त्यांना कुणी हाक मारली नाही. हे मला तुम्ही सांगितलंत, भरल्या ताटावरून उठल्यासारखा चेहरा करून. आणि गंमत बघा, जेटी झालीच नाही. कंपनीचा विचार बदलला, दुसरीकडे गेली. माझं वाक्य तेवढं राहिलं.

तुम्ही तीनदा वाडीत गेलात माफी मागायला. तिसऱ्या वेळी तुमची गाडी बंद होती म्हणून मी स्कूटरवरून सोडलं. वळणावर आंब्याखाली तुम्हाला उतरवलं आणि म्हटलं, "मी इथंच थांबते, सर." तुम्ही "थांब" म्हणालात. पाच मिनिटांत परत आलात. "भेटले?" "भेटले." गाडीवर मागे बसलात आणि रत्नागिरी येईपर्यंत आपण एक अक्षर बोललो नाही.

मग हळूहळू तुम्ही सल्लागारीचं काम सोडलंत. डोळे दुखतात म्हणालात, वय झालं म्हणालात. पंचावन्न-छप्पन्न हे काय वय? जिल्ह्यातला एकटा माणूस, ज्याच्याकडे लोक पेपरात जायच्या आधी सल्ल्याला यायचे, त्यानं पाटी उतरवली. तुम्ही नुसतं शिकवत राहिलात. मला दुसरीकडे नोकरी लागावी म्हणून शिफारसपत्र मात्र लगेच दिलंत. 'हुशार, मेहनती, भाषेवर उत्तम पकड.' मी ते रिक्षात बसून तीनदा वाचलं. 'प्रामाणिक' कुठेच नव्हतं. तुम्ही खोटं लिहीत नव्हतात ना! मला त्या वेळी तुमचा रागसुद्धा आला होता, हे पण सांगून टाकते.

त्या पत्रावर मिळालेल्या नोकरीत मी आज जनसंपर्क अधिकारी आहे. केबिन आहे, नावाची पाटी आहे. महिन्या-दोन महिन्यांनी तुमच्या घरी येत राहिले, कधी आंबोळ्या, कधी कोकमं घेऊन. प्रत्येक वेळी येताना ठरवायचे, आज सांगायचं. आणि आपण राजकारण बोलायचो, पेपरातल्या चुका काढायचो, मुलांच्या नव्या बॅचला नावं ठेवायचो. तुम्ही मध्येच गप्प व्हायचात. मला वाटायचं, दमलात.

सगळ्यात वाईट दिवस मागच्या वर्षीचा. तुम्ही मला वर्गात बोलायला बोलावलंत, मी छान साडी नेसून आले. माझं झाल्यावर तुम्ही उठलात आणि म्हणालात, "आता माझी चूक ऐका." आणि सगळं सांगितलंत. खाडी, बैठक, ते वाक्य. 'मी लिहिलं', 'मी पाठवलं', 'माझ्यामुळे एका भल्या माणसाची पालखी सुटली.' दर वर्षी सांगता म्हणे! मला माहीतच नव्हतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी फटकन म्हणाली, "पण सर, तुम्हाला माहीत होतं ना हे खोटं आहे? मग का लिहिलंत?" तुम्ही म्हणालात, "घाई होती. आणि वाक्य फार चांगलं झालं होतं." तुम्हाला कसं कळलं हो? मी तुम्हाला कधी सांगितलं होतं की मला ते वाक्य आवडलं होतं? ती मुलगी तुमच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर माझ्या हक्काची होती. मी मान खाली घालून माझ्या पदराची किनार बघत बसले. तुम्ही टाळ्यांत माझे आभार मानलेत, नारळ दिलात. मी घेतला.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं. वंदना झाली, आणि मी माईकसमोर उभी राहून पुन्हा सचोटी, मार्गदर्शन, ऋण असं सगळं बोलले. खाली काकू बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत, अगदी शांत. लोक म्हणाले, छान बोललात. मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

काल सकाळी स्कूटर काढली आणि वाडीत गेले. या वेळी वळणावर थांबले नाही.

दत्तारामकाका अंगणात जाळं शिवत बसले होते. आता पार थकलेत. मी ओळख सांगितली, जाधवसरांच्या ऑफिसात होते म्हटलं, तशी त्यांची सुई थांबली. "गेले ते. वाचलं पेपरात." मी उभ्याउभ्याच सांगितलं. ते वाक्य सरांनी लिहिलं नव्हतं, मी लिहिलं. सरांना माहीतही नव्हतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, एवढंच.

त्यांची बायको दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. काकांनी सुई जाळ्यात खोचली. मग म्हणाले, "तुजं होय ते? वाक्य माझंच वाटत होतं गो. मलाच कदी कदी वाटायचं, बोललो की काय." मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. मला एक सांग बाय, हे मला कशाला सांगितलंस? सात वर्षं तो माणूस खोटारडा होता. माजा राग होता त्याच्यावर, बरा होता. तीनदा आला हितं. तिसऱ्या टायमाला मी हिला बोललो, पाणी पण देऊ नको. तो हितं उन्हात उभा होता." त्यांनी अंगणातली जागा दाखवली. "तू आता मोकळी झालीस. मी कोणाला सांगू?"

सर, मी विचारच केला नव्हता याचा. मी माझं ओझं घेऊन गेले आणि त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवून आले. माफीसुद्धा मी स्वतःसाठीच मागत होते. काय माणूस आहे मी!

मग काकांनी विचारलं, "त्याच्या बायकोला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. "मग हितं आधी कशाला आलीस? मी परका म्हणून?" खरंच होतं. काकूंसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती. काका उठले, आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आले. "चल. मला पण बोलायचंय तिच्याशी. पण आधी तू बोलायचंस." वळण येईपर्यंत ते माझ्या मागे बसून एवढंच म्हणाले, "बाय, सावकाश चालव."

काकूंनी दार उघडलं. काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "या, आत या," म्हणाल्या, जशा त्या कुणालाही म्हणतात. काकांना तुमच्या खुर्चीशेजारी बसवलं, तांब्याभर पाणी आणून दिलं. काकांनी तो तांब्या दोन्ही हातांत धरला, प्यायले मात्र नाहीत. मी बोलले. सगळं. 'फोनवर, सर' हेसुद्धा. वळणावर थांबले होते तेही. काकांनी खाली बघतच म्हटलं, "वयनी, मी त्यांना दारातनं परत धाडलं." काकू म्हणाल्या, "माहीत आहे. ते रागावले नव्हते तुमच्यावर. तुम्ही पाणी प्या."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता म्हणतील, चालती हो. मला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर.

"मला ठाऊक होतं, मनीषा," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. घरी येऊन बोलले, पोरीनं लिहिलंय, घाबरलीय, सांगेल आपणहून. मी म्हटलं, मग विचारा ना तिला सरळ. तर म्हणाले, विचारून काढलेलं नको." काकूंनी पदरानं हात पुसले, हात कोरडेच होते. "तू यायचीस ना इथे, गेटाशी तुझी गाडी वाजली की ते मला म्हणायचे, तू जरा आत जाऊन बस, आज ती बोलेल. मी आत जाऊन बसायची. दर वेळी."

मी गेटाकडे बघितलं.

"आणि तू चहा पिऊन निघून जायचीस."